क्रूगर : आपली गाडी, आपलेच डोळे

पहिला दिवस : जोहान्सबर्ग ते लोअर साबी

सकाळी सातला जोहान्सबर्गला उतरलो, विमानतळावरच भाड्याची गाडी ताब्यात घेतली आणि नऊच्या सुमारास एन-४ या हमरस्त्याला लागलो. आम्ही पाच जण. नवरा, मी, सासूबाई, नववीतली मुलगी आणि चौथीतला मुलगा. दक्षिण आफ्रिकेत आपल्यासारखंच डावीकडून गाडी चालवतात, त्यामुळे नवऱ्याचा हात अर्ध्या तासात बसला. कोळशाच्या खाणी, टोलनाके, एलँड्स नदीचं खोरं, म्बोम्बेला हे सगळं मागे टाकत आम्ही खाली उतरलो, तशी हवा ऊबदार झाली. मालेलेनच्या आसपास दोन्ही बाजूंना ऊस दिसायला लागला. तोवर पेंगत असलेल्या सासूबाई ऊस बघून सरसावून बसल्या. "पाणी चांगलं दिसतंय इकडं," म्हणाल्या, आणि तेव्हापासून तीन दिवस त्यांनी खिडकी सोडली नाही.

साडेचारशेच्या आसपास किलोमीटर कापून पावणेतीनला क्रूगरच्या क्रोकोडाइल ब्रिज या फाटकावर पोचलो. परवाना झाला, नियम कळले. डांबरी रस्त्यावर ताशी ५० किलोमीटर, मातीच्या रस्त्यावर ४०. नेमून दिलेल्या जागा सोडून कुठेही गाडीतून उतरायचं नाही. हात, डोकं खिडकीबाहेर काढायचं नाही. आणि मे महिन्यात मुक्कामाच्या कॅम्पचं फाटक संध्याकाळी साडेपाचला बंद होतं, त्याच्या आत आत यायचं. उशीर झाला तर दंड.

क्रूगर हे राष्ट्रीय उद्यान झालं १९२६ साली, आणि पुढच्याच वर्षी पर्यटकांच्या पहिल्या तीन गाड्या आत आल्या. म्हणजे स्वतःची गाडी घेऊन जंगल बघायची ही रीत इथे पहिल्यापासूनची आहे. आपल्याकडे ताडोबाला आम्ही दोनदा गेलोय. तिथे जिप्सी असते, वाटाड्या असतो, त्याची तयार नजर असते आणि आपण त्याच्या बोटाच्या दिशेनं बघतो. इथे गाडीत आपल्याशिवाय कुणी नाही. कुठे वळायचं, कुठे थांबायचं, किती वेळ थांबायचं, सगळं आपलं आपण. हेच हवं होतं म्हणून आठ महिने आधी मुक्काम आरक्षित केला होता.

एक गोष्ट जाणाऱ्यांना आवर्जून सांगते. गाडी उंच घ्या. मेमध्ये पावसाळा संपून फार दिवस झालेले नसतात, गवत अजून उभं असतं, आणि बुटक्या गाडीतून नुसती गवताची भिंत दिसते. दुसरं म्हणजे सगळं क्रूगर बघायच्या मागे लागू नका. उत्तर-दक्षिण साडेतीनशे किलोमीटर लांब, १९ हजार चौरस किलोमीटरहून मोठं जंगल आहे. आम्ही दक्षिणेचा फक्त एक कोपरा धरला आणि तोही पुरा झाला नाही.

फाटकातून आत शिरल्यावर पाचव्या मिनिटाला हरणासारखे इंपाला दिसले. तांबूस अंग, पांढरं पोट, पाठीमागे काळ्या तीन रेघा. मुलांनी आरडाओरडा केला, आम्ही दहा मिनिटं थांबलो. पुढच्या वळणावर पुन्हा इंपाला, त्याच्या पुढे पुन्हा. क्रूगरमध्ये ते लाखाच्या वर आहेत. लोअर साबी या आमच्या मुक्कामाच्या कॅम्पला पोचेपर्यंत मुलं त्यांच्याकडे बघेनाशी झाली होती. सासूबाई मात्र प्रत्येक कळप नीट न्याहाळत होत्या. कोण चरतंय, कोण रवंथ करतंय, कोण पहाऱ्याला उभं आहे.

रात्री साबी नदीकाठच्या आमच्या बंगलीत सगळे आडवे झालो आणि कुंपणापलीकडून घोगऱ्या, घुसमटलेल्या डरकाळ्या सुरू झाल्या. एकामागून एक, मध्येच जोरात फुत्कार. धाकटा सरळ माझ्या पांघरुणात आला. सिंहच असणार, अशी आमची सगळ्यांची खात्री. सकाळी स्वागतकक्षातल्या बाईंना विचारलं तर त्या हसून म्हणाल्या, इंपालाचे नर. मे हा त्यांच्या माजाचा काळ. माद्यांसाठी दिवसरात्र झुंजतात आणि असे ओरडतात. दिवसभर ज्यांच्याकडे दुर्लक्ष केलं, त्या नाजूक प्राण्याच्या गळ्यात असा आवाज आहे हे कळल्यावर मुलीनं वहीत पहिली नोंद इंपालाची केली.

दुसरा दिवस : लोअर साबी ते स्कुकुझा आणि परत

इथलं घड्याळ आपल्या साडेतीन तास मागे असतं. त्यामुळे पहाटे पाचला उठायचा त्रास अजिबात होत नाही, शरीराच्या हिशोबानं साडेआठ वाजलेले असतात. सहाला फाटक उघडलं तेव्हा आम्ही रांगेत तिसरे होतो. थंडी चांगलीच होती, आणि खिडक्या उघड्या ठेवायच्या होत्या, कारण जंगल अर्धं कानानं बघायचं असतं.

कॅम्पच्या बाहेर पडल्या पडल्याच सनसेट डॅम नावाचा तलाव आहे. रस्ता अगदी पाण्याला लागून जातो. पाण्यावर वाफ, आणि वाफेत काळे गोटे. एक गोटा फुस्स करून बुडाला तेव्हा कळलं, पाणघोडे. रात्रभर बाहेर चरून उजाडता उजाडता पाण्यात परतलेले. काठावर मगरी, आणि निष्पर्ण झाडाच्या शेंड्यावर पांढऱ्या डोक्याचा मत्स्यगरुड. त्याची किंकाळी सकाळच्या शांततेत इतकी लांबवर गेली की धाकट्यानं आपोआप आवाज खाली आणला.

तिथून साबी नदीच्या कडेकडेनं स्कुकुझाला जाणारा एच ४-१ हा डांबरी रस्ता. सेहेचाळीस किलोमीटर. आम्हाला साडेचार तास लागले.

पहिला तास काही दिसलं नाही, असं मुलं म्हणतील. मी तसं म्हणणार नाही. कुडू या हरणासारख्या मोठ्या प्राण्याचा एक नर झुडपातून मान वर करून उभा होता, त्याची पीळदार शिंगं उन्हाच्या पहिल्या तिरिपेत चमकत होती. नीलपंखाचा आफ्रिकेतला भाऊबंद, छाती जांभळी आणि पंख निळे, खांबावर बसला होता. एक जिराफ रस्त्याच्या कडेला, आणि त्याच्या मानेवर चोचीनं चाचपणारे चार तपकिरी पक्षी, लाल चोचीचे. सासूबाईंनी दुर्बीण न घेताच ओळखलं, "गोचीड काढतायत." तसंच होतं. ऑक्सपेकर म्हणतात त्यांना. पण मुलांच्या डोक्यात सिंह होता. 'बिग फाइव्ह' या नावानं पर्यटकांना सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि रेडा यांची जी यादी पाठ करून घेतात, ती मूळची शिकाऱ्यांची आहे. पायी शिकारीत सगळ्यांत धोक्याचे ते पाच प्राणी. ही यादी मुलांच्या हातात देऊ नये असं मला मनापासून वाटतं. ती हातात असली की जिराफसुद्धा मधल्या वेळेतला ठरतो.

साधारण साडेसातला रस्त्याच्या उजव्या हाताला इंपालाचा कळप लागला. नवऱ्यानं गाडी हळू केली पण थांबवली नाही. तेवढ्यात मागून सासूबाई म्हणाल्या, "थांब रे. ती बघ कुठं बघतायत."

आम्ही बघितलं. वीस-पंचवीस इंपाला होते आणि एकही चरत नव्हता. सगळ्यांची तोंडं नदीकडच्या झाडीकडे. कान टवकारलेले, पुढे वळलेले, जणू एकाच दोरीनं ओढलेले. आमच्या गाडीकडे एकाचंही लक्ष नव्हतं.

"आई, तुला काही दिसतंय का?" नवऱ्यानं विचारलं.

"मला कुठलं दिसायला. त्यांना दिसतंय ना. गोठ्यातली गुरं अशी एका अंगाला कान करून उभी राहिली की तुझे आजोबा कंदील घेऊन बाहेर जायचे."

इंजिन बंद केलं. दोन गाड्या आमच्याशेजारी थांबल्या, माना उंचावून बघितलं, इंपालाच आहेत म्हटल्यावर निघून गेल्या. त्यांना खुणेनं काही सांगावं तर सांगण्यासारखं आमच्याकडे तरी काय होतं? पाच मिनिटं झाली, दहा झाली. मग एका नरानं नाकातून जोरात फुत्कार टाकला, एकदा, दोनदा, आणि सगळा कळप पाय आपटत थोडा पुढे सरकला. मागे नाही, पुढे. मुलीनं कुजबुजत विचारलं, भीती वाटतेय तर पळत का नाहीत? त्याचं उत्तर मला नंतर नीट कळलं. लपून येणाऱ्या शिकाऱ्याचा जीव त्याच्या लपण्यात असतो. तो एकदा दिसला, आणि 'तू दिसलास' हे त्याला ओरडून सांगितलं, की त्याचा डाव संपतो. त्याला नजरेआड होऊ देण्यात खरा धोका असतो, म्हणून ते पळत नाहीत.

मग गवतात एक पांढरा ठिपका हलला. जमिनीपासून दोन फुटांवर, वर वळलेला, आकड्यासारखा. शेपटीचं टोक. त्याच्यामागे गवताचाच रंग सरकत आला आणि रस्त्याच्या कडेला येऊन त्याचा बिबट्या झाला.

आमच्यापासून चार-पाच गाडीच्या अंतरावर ती थांबली. अंगानं लहान, निमुळती मादी असावी. पोटाखालचे केस दंवानं ओले होऊन चिकटलेले, गालाच्या मिशांत आणि छातीवर गवताची कुसळं अडकलेली. चालताना खांद्याची हाडं कातडीखाली आळीपाळीनं वर येत होती, आणि तेवढ्या हालचालीनं अंगावरचे ठिपके उमलून मिटल्यासारखे दिसत होते. रस्ता ओलांडताना तिनं आमच्याकडे पाहिलं नाही. लपायचं सोडून दिलेल्या माणसासारखी, उघड्यावरून, सावकाश गेली. इंपालांच्या माना तिच्याबरोबर वळत गेल्या. पलीकडच्या झुडपात ती शिरली तरी कितीतरी वेळ ते तिकडेच बघत होते, आणि मग एकानं खाली मान घालून गवताला तोंड लावलं.

गाडीत कुणी बोललं नाही. फोटो एकच निघाला, तोही हललेला. सासूबाईंनी पदरानं चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "चला."

यानंतर धाकट्याचं काम बदललं. त्यानं सिंह शोधणं सोडलं आणि इंपाला शोधायला सुरुवात केली.

साडेनऊला न्कुह्लू या नदीकाठच्या सहलीच्या जागी पाय मोकळे केले. इथे गाडीतून उतरता येतं. मोठमोठी झाडं, खाली संथ साबी नदी. काठावरच्या एका झाडाच्या खोडालाच फळांचे घोस लगडले होते. सासूबाईंनी हात लावून पाहिला, एक पडलेलं फळ नखानं उकललं. "उंबर." आपलं उंबर नव्हे ते, पण त्याच कुळातलं. माकडं अगदी टपून बसलेली असतात. आमच्या शेजारच्या टेबलावरचा पाव एका झेपेत गेला. खाऊ उघड्यावर ठेवू नका, आणि हौसेनं देऊ तर मुळीच नका. माणसाच्या खाण्याला चटावलेल्या माकडाला पुढे जिवाला मुकावं लागतं.

साडेदहाला स्कुकुझा. हे क्रूगरमधलं सगळ्यांत मोठं ठाणं, छोटं गावच. 'स्कुकुझा' हे इथल्या त्सोंगा लोकांनी जेम्स स्टीव्हन्सन-हॅमिल्टन यांना दिलेलं नाव. झाडून साफ करणारा, असा त्याचा अर्थ. १९०२ साली ते या जंगलाचे पहिले वॉर्डन म्हणून आले आणि १९४६ पर्यंत राहिले. त्यांच्या नावाच्या ग्रंथालयात काचेमागे एक सुरी आणि एका सिंहाचं कातडं ठेवलंय. १९०३ साली हॅरी वोल्हुटर नावाच्या वनरक्षकाला रात्री घोड्यावरून सिंहानं खाली पाडलं आणि खांदा तोंडात धरून फरफटत नेलं. फरफटत जातानाच त्यानं मोकळ्या हातानं कमरेची सुरी काढून सिंहाला भोसकलं आणि तो वाचला. मुलं त्या काचेपुढून हलायला तयार नव्हती. सुरी अगदी साधी आहे, घरात असते तशी.

दुपारी सिंहही दिसले. पंधरा-वीस गाड्या एकमेकींना चिकटून उभ्या, आणि सावलीत झोपलेल्या तीन सिंहिणींचे कान. एका गाडीतला तरुण खिडकीवर बसून अर्धा बाहेर आला होता. त्याच्या जिवाची काळजी वाटली आणि राग आला तो त्या सिंहिणींसाठी. उद्या काही झालं तर गोळी त्यांनाच लागेल. आम्ही दहा मिनिटांत निघालो. मुलांनीही हट्ट केला नाही.

परतीला साडेतीनला निघालो. वाटेत हत्तींचा कळप पाणी पिऊन वर येत होता, सर्वांत पुढे म्हातारी हत्तीण. आफ्रिकेत हत्तिणींनाही सुळे असतात हे मुलांना वाचून माहीत होतं, पण त्या सुळ्यांच्या आडून दोन हात उंचीचं पिल्लू डोकावतं तेव्हा ते खरं होतं. इथे १९६७ ते १९९४ या काळात संख्या आटोक्यात ठेवण्यासाठी हत्तींचे कळपच्या कळप मारले जात. त्या म्हातारीच्या वयाकडे बघून ते माझ्या मनातून जाईना. तिनं ते पाहिलं असेल.

आणि पावणेपाचला, कॅम्प पाच किलोमीटरवर असताना, समोरून रस्त्याच्या मधोमध एकटा नर हत्ती चालत आला. डोळा आणि कान यांच्या मधे दोन्ही बाजूंना काळे ओघळ, मागचे पाय ओले. गंडस्थळातून मद पाझरतो असं आपण शाळेत वाचलेलं असतं. इथे ते काचेतून दिसत होतं. माजावर आलेल्या हत्तीला वाट द्यायची, त्याच्याशी हिंमत करायची नाही. नवऱ्यानं गाडी मागे घ्यायला सुरुवात केली. मागच्या गाडीनंही समजून उलट जायला सुरुवात केली. तो आमच्याच चालीनं पुढे येत राहिला. कान पसरलेले, सोंडेचं टोक जमिनीवरून फिरत. मागे बघत गाडी चालवताना नवऱ्याच्या कपाळावर घाम होता. मी घड्याळ बघत होते आणि बोलत नव्हते. दोनेकशे मीटर असं गेल्यावर त्यानं डावीकडच्या झाडाला कपाळ टेकवलं. झाड खोडापासून हललं, दोन फांद्या कडाडल्या, आणि तो तिथेच ओरबाडून खात उभा राहिला. पण वाटेच्या इतक्या जवळ, की बाजूनं निघायची सोय नाही.

सूर्य मावळला. पाच वीसला तो झाडीत शिरला. त्याचं मागचं अंग पूर्ण दिसेनासं होईपर्यंत आम्ही जागचे हललो नाही. मग पन्नासच्या पुढे काटा न नेता आलो. फाटकावर साडेपाचला दोन मिनिटं उरली होती. पहारेकऱ्यानं घड्याळ पाहिलं, आमच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "हत्ती?" आम्ही मान हलवली.

रात्री व्हरांड्यात मुगाची खिचडी केली. बाहेर इंपाला ओरडत होते. धाकटा शांत झोपला.

तिसरा दिवस : मातीच्या रस्त्यानं बाहेर

स्वागतकक्षात एक नकाशा लावलेला असतो. आज कुठे काय दिसलं, काल कुठे, ते रंगीत खुणांनी त्यावर दाखवतात. सिंह, बिबट्या, चित्ता, रानकुत्रे, हत्ती. निघायच्या सकाळी मुलगी त्यासमोर उभी राहून म्हणाली, "यात गेंडा कुठेच नाही."

गेंडा मुद्दामच दाखवत नाहीत. दक्षिण आफ्रिकेत २०१४ या एका वर्षात १,२१५ गेंडे शिंगांसाठी मारले गेले. शिंग म्हणजे आपल्या नखांचाच पदार्थ, औषधी गुण काही नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या भागातून पांढरा गेंडा पार संपला होता. दक्षिणेकडे, आजच्या क्वाझुलू-नाताळमध्ये थोडे उरले होते, त्यांच्या वंशातले आणून १९६०च्या दशकात इथे पुन्हा सोडले. म्हणून नकाशावर त्यांची खूण नसते. कुठे आहे हे ज्यांना कळू नये, त्यांनाही नकाशा वाचता येतो.

आम्हाला तो दिसला. कुठल्या रस्त्यावर, ते लिहीत नाही. फोनमधली ठिकाणाची नोंदही फोटो काढण्याआधी बंद केली.

आई आणि पाठोपाठ पिल्लू. रुंद, चौकोनी ओठ जमिनीला लावून ती गवत कापत होती. आवाज ऐकू येत होता, खरप, खरप, विळ्यानं कापावं तसा. तिच्या नाकावर शिंग नव्हतं. सपाट कापलेला बुडखा होता, करवतीच्या खुणा असलेला. शिकाऱ्यांना काही मिळूच नये म्हणून भूल देऊन शिंगं आधीच कापून टाकतात. नखासारखी ती पुन्हा वाढतात, पुन्हा कापावी लागतात. धाकट्यानं विचारलं, तिला दुखलं असेल का? दुखत नाही, असं त्याच्या बहिणीनं सांगितलं. सासूबाई बराच वेळ त्या बुडख्याकडे बघत होत्या. पिल्लाच्या नाकावर अंगठ्याएवढं शिंग फुटत होतं.

"हिचंही कापतील?" त्यांनी विचारलं.

"हो आई, बहुतेक."

त्या काही बोलल्या नाहीत. गेंडीण चरत चरत दूर गेली, पिल्लू तिच्या मागच्या पायाला अंग घासत तिच्यामागे. दिसेनाशी झाली तरी सासूबाईंनी नवऱ्याला लगेच निघू दिलं नाही.

अकराला क्रोकोडाइल ब्रिजच्या फाटकातून बाहेर पडलो. पुलाखालच्या नदीत पाणघोडे होते, त्यांना बघून घेतलं. मग कुंपण संपलं, ऊस लागला, रस्ता रुंद झाला आणि जंगलात शिरल्यापासून पहिल्यांदा गाडीनं ऐंशीचा वेग धरला.

"बाबा, हळू," मागून धाकटा म्हणाला. उसाच्या बांधावर पाच-सहा गाई उभ्या होत्या, आणि सगळ्या एकाच बाजूला बघत होत्या.